आणीबाणीतला संपर्क

रात्री साडेनऊ. मत्रहचं हॉटेल.
एकोणचाळीस पासपोर्ट माझ्या उशीखाली.
टोप्या, ओआरएस, दोघादोघांच्या जोड्या.
वादीच्या पाण्यात कुणी उतरायचं नाही.
(मुलं हसली होती : मॅडम, आमच्या वाडीत तर नळसुद्धा कोरडा.)

पुन्हा यादी बघते.
आणीबाणीतल्या संपर्काच्या रकान्यात
सगळे नंबर चिपळूणचे.
तबस्सुम मुकादमचा तेवढा
नऊशे अडुसष्टने सुरू होणारा.
वडील. बर्का. टायरचं दुकान.

'शेवटचं कधी भेटलीस?'
'सहावीत होते.'
दहावीतली मुलगी, नखं बघत बोलली.

नखलच्या किल्ल्याखाली पेन्सिलीनं लिहिते :
परतताना बर्का. हवा तपासणे. चाळीस मिनिटं.

ड्रायव्हर फोनवर म्हणतो,
टायर तर नवे आहेत, मॅडम.
असू देत.
तपासू या.