पुलाचं वजन

शनिवारी दुपारी, समुद्र शिसपेन्सिलीच्या रंगाचा,
शाल्मलीनं माझ्यापुढे लॅपटॉप सरकवला.
"बाबा, या पुलाचं वजन किती?"

संडरलंडच्या नगरपालिकेत एकोणीस वर्षं
मी पुलांचीच नाडी बघत आलोय.
पण हा पूल खेळातला,
आणि तो एका बाईनं उचललाय.
एका हातानं.
दुसऱ्या हातात कंदील.

तिचं नाव इरुन्ना. अर्धी कोळीण, अर्धी राणी,
आणि ज्यूड रॉबसनच्या मते
बोर्वाकच्या एका फुंकरीत आडवी.
ज्यूड समोरच होता, वहीवर टोस्टचा चुरा सांडत.
वहीत रकाने: कोणी काय फोडलं, किती टनांचं, पुरावा कुठला.

मी चष्मा पुसला.
तिच्या उंचीवरून कमानीची लांबी काढली,
दगड ग्रॅनाइटचा धरला.
"चार हजार टन. पण याला सांधेच नाहीत,
उन्हात फुगणार कुठं?
तिनं उचलला नसता तरी कधीतरी पडलाच असता."
दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसा कीर्तनात कुणी कांद्याचा भाव विचारावा.

मग निघाला चंद्र.
पहिल्या खेळाच्या डबीत एक पुस्तिका होती, जपानी,
तिच्यात इरुन्ना चंद्र चिरते.
इंग्रजीत येईतो
चिरते पाण्यातला चंद्र.
"पाण्यातला तर आमचं मांजरही चिरतं," ज्यूड म्हणाला.
"मूळ ते मूळ," शाल्मली म्हणाली.
तेव्हा त्यानं हुकमाचं पान टाकलं:
कंपनीनं गेल्या महिन्यात जाहीर केलंय,
पुस्तिका ग्राह्य नाहीत,
पडद्यावर दिसेल तेवढंच खरं.

शाल्मली गप्प.
एका पत्रकानं
तिचा चिरलेला चंद्र परत सांधला गेला.

मला राहवलं नाही, मध्ये तोंड घातलं.
"पूल राहू दे. तुझी आजी सोलापुरात
भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन
चार मजले चढली होती."
"स्रोत?" ज्यूडनं पेन सरसावलं.
"मी."
"तुम्ही पाहिलंत?"
"तिथंच होतो. कडेवर. सात महिन्यांचा."
"म्हणजे ऐकीव," माझीच मुलगी म्हणाली.

बार्शीला फोन लावला, स्पीकरवर.
मामा म्हणाला, कसले चार?
इमारतच दोन मजली होती.
लातूरची मौशी म्हणाली, चांगले पाच,
आणि वर पोचल्यावर काडेपेटी नाही म्हणून पुन्हा खाली.
मामी मागून ओरडली,
सिलिंडर कुठला, रॉकेलचा डबा होता तो!
शाल्मली ज्यूडला सगळं इंग्रजीत सांगत होती,
एकेक शब्द जपून,
चंद्राचं जे झालं ते याचं होऊ नये अशी.

ज्यूडनं तीन रकाने आखले.
मग विचारलं,
"त्या स्वतः काय म्हणाल्या?"

काही नाही.
मी आठवून पाहिलं, पुन्हा आठवून पाहिलं.
त्या दिवसाबद्दल आई कधीच काही बोलली नाही.
फक्त शेवटपर्यंत जिना उतरताना
डावा पाय टाकायची,
थांबायची,
मग उजवा, कुणाच्या दारात विचारून शिरावं तसा.

हे मी मोठ्यानं बोललो की काय, कोण जाणे.
ज्यूडनं बराच वेळ वही तशीच धरली.
मग पुराव्याच्या रकान्यात लिहिलं, उजवा गुडघा,
आणि टनांची जागा रिकामी सोडली.

पाच मिनिटांत दोघं पुन्हा बोर्वाकवर तुटून पडले.
खिडकीवर समुद्रपक्षी, कुणाच्या तरी चिप्सवर भांडणारे.
लॅपटॉप अजून माझ्यासमोरच होता.
पुलाचं माझं झालं होतं.
मी त्या दुसऱ्या हाताकडे बघत होतो,
कंदील जराही कलंडू न देता धरलेल्या.
त्याचं वजन
कोणीच विचारलं नव्हतं.