दहा हजार चारशे

सोहारच्या आमच्या लॅबमधून रिफायनरीची ज्योत दिसते,
दिवसा फिकट, रात्री केशरी.
नऊ वर्षांत मी ती विझलेली पाहिली नाही.
तिला कोणी आग म्हणत नाही.
आग म्हटलं की घंटा वाजवावी लागते.

आज काचपट्टीवर दाऊद परकार.
गाव दापोलीकडचं, नोकरी गेट नंबर तीन,
संध्याकाळी सहा ते सकाळी सहा.
रंग चढवला, धुतला, वाळवला,
भिंगाखाली जांभळी केंद्रं उगवली.
यंत्र मोजतंच; तरी मला त्याच्यावर सोडवत नाही.
अंगठ्याखाली टक, टक,
शंभर पेशी होईपर्यंत माणसाचं नाव विसरायचं
ही आमच्या धंद्याची रीत.

एकूण दहा हजार चारशे.
अकराच्या आत, म्हणजे ठीक.
ठळक अक्षर नाही, बाण नाही,
व्हिसाचा शिक्का बसेल.

मला कोणी सांगितलं नव्हतं,
पण मी त्याची जुनी पानं उघडली.
सात हजार शंभर. आठ हजार. नऊ हजार दोनशे.
शेजारच्या रकान्यात उपाशीपोटीची साखर
ब्याण्णव, नव्व्याण्णव, एकशे सात,
आज एकशे एकोणीस.
दोन रकाने, एकाच जिन्याने चढणारे,
एकमेकांना ओळख न दाखवता.

सकाळी ड्युटी संपवून तो आला.
पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक.
"ताप नाय, खोकला नाय, जखम नाय.
मग ह्या पांढऱ्या कशाला जमल्यात, बाय?"

काय सांगू.
पोटावरच्या चरबीत एखादी फुगलेली पेशी मरते
आणि ह्या तिच्याभोवती गोल करून बसतात,
मयताला आलेल्या माणसांसारख्या.
फक्त ह्यांना उठायचं कळत नाही.
बसल्या बसल्या हाका घालतात,
हाका ऐकून आणखी येतात.
तुमच्यासारख्याच पहारेकरी, परकारभाई,
चोर नसलेल्या गेटवर रात्रभर शिट्टी मारणाऱ्या.
यातलं मी काहीच बोलले नाही.
"थोडी सूज आहे आत," एवढंच.

तो बाकावर बसला, आणि आपणहून
कॅम्पची गोष्ट सांगू लागला.
रमजानच्या आधी आगीची घंटा बिघडली,
चार दिवस, चार रात्री वाजत राहिली.
पहिल्या दिवशी सगळे खाली धावले,
दुसऱ्या दिवशी निम्मे.
तिसऱ्या दिवशी लोकांनी कानात कापूस घातला.
मग डबेवाला आला, दार ठोठावून थकला,
डबा दाराशी ठेवून गेला.
मेसच्या मॅनेजरला वाटलं पोरं कमी पडतायत,
त्यानं आणखी चार पोरं पाठवली.
सगळी मिळून ठोठावतायत,
बोळात डब्यांवर डबे, घामेजलेली झाकणं,
आंबूस वास,
"आणि आत आम्ही उपाशी, काय समजलीस?"

समजले.
इतकं नीट मला पुस्तकातही समजलं नव्हतं.
माझ्या हातात त्याच्या बोळाचा हिशेब होता,
एकशे एकोणीस.

"मग घंटा बंद कोणी केली?"
"कोणी नाय. वायर जळली."

रिपोर्टवर लिहायचा मला हक्क नाही.
पेन्सिलीने कोपऱ्यात लिहिलं, डॉक्टरांना दाखवा.
म्हटलं, करक कमी करा, झोप पुरी करा, चाला.
तो हसला. दिवसा शेचाळीस डिग्री,
खोलीत आठ जण आठ वेळच्या ड्युटीचे,
आणि रात्री केबिनपासून दांडीपर्यंत
बारा पावलं.
"मोजलेली हायत."

पुढच्या आठवड्यात, पहाटे तीनची स्टाफबस.
गेट तीनच्या बाहेर वळताना मी पाहिलं,
केबिन ते दांडी, दांडी ते केबिन,
हात मागे बांधून, मान खाली,
मागे ती ज्योत, तेवढीच.
ड्रायव्हरला वाटलं, आपल्यासाठीच येतोय.
त्यानं गाडी थांबवली.