रेषेपर्यंत पाणी

दुपारी ओग्वेनो आला तेव्हा हातांना डांबर होतं,
उलटी टाकलेली नाव तशीच सोडून आलेला.
"गेल्या खेपेच्याच दे, आवुओर. लाल-काळ्या. चार पुरतील.
पोरीचा कान ठणकतोय. फोडून साखरेत कालवीन."

चार.
याच काउंटरवर माझ्या बापानं चार-चार विकल्या,
वर्तमानपत्राच्या पुडीत, सुट्या, शेंगदाण्यांसारख्या.
मग एका वर्षी त्याच्याच पायाची जखम
कशालाच दाद देईना.
होमा बेच्या इस्पितळात डॉक्टरांनी
एकेक नाव कागदावर लिहिलं आणि खोडलं.
खाटेशी उभी राहून मी ती खोडलेली नावं वाचत होते.
सगळी आमच्याच फडताळातली.

हे मी ओग्वेनोला सांगितलं नाही.
म्हटलं, चिठ्ठी आण. दवाखाना पाचपर्यंत उघडा आहे.
"तू बदललीस," म्हणाला,
आणि सरोवराकडं पाठ करून टेकडी चढायला लागला.

पावणेसहाला परत, मोटारसायकलवर मागं बसून,
अजवांग मांडीवर, कानात कापूस.
चिठ्ठी घामानं ओली, अक्षर शाबूत.
मी बाटली काढली, झाकणाला हात घातला आणि विचारलं
जे रोज विचारते, उत्तराची फारशी वाट न बघता:
हे औषध हिला कधी बाधलं होतं का?
"मला काय ठाऊक. मी तेव्हा पाण्यावर होतो."
मग तिच्या आईला विचार.

त्यानं फोन लावला. पलीकडं बाजार,
ओमेना पाखडणाऱ्या बायांचा गलका,
आणि त्यातून अकेलोचा आवाज, मलाही ऐकू येईल असा:
सहा महिन्यांची होती. अंगभर गांधी. ओठ टम्म.
रात्रभर उभी धरून बसले तिला, श्वास मोजत.
सांगितलं होतं तुला.
ओग्वेनोनं फोन कानापासून जरा लांब धरला.

मी बाटली परत फडताळात ठेवली.
काचेवर माझ्या बोटांचे ठसे.
दवाखान्यात फोन केला. डॉक्टर "हं" म्हणाला,
गप्प राहिला, वजन पुन्हा विचारलं,
मग दुसरं नाव सांगितलं.

दुसरं महाग.
त्यानं नोटा मोजल्या, मग नाणी,
नाण्यांत चुकून एक खिळा आला, तो परत घेतला.
साठ शिलिंग कमी. मी वहीत लिहिले.

आता बघ, म्हटलं. हे पाणी उकळून गार केलेलं.
या रेषेपर्यंत. वर नाही, खाली नाही.
नाव बांधणाऱ्याला रेष समजावून सांगावी लागत नाही.
तो वाकला, बाटलीच्या पातळीला आला,
एक डोळा मिटून, फळीचा बाक बघतात तसा.
"थांब. अजून दोन थेंब."
बरोबर होता तो.

रोज संध्याकाळी, या पिचकारीनं, एवढंच.
घरचा चमचा नको, चमच्यांचं काही खरं नसतं.
पाच दिवस. तिसऱ्या दिवशी ती पळायला लागेल,
तरी पाच. अंगावर काही उठलं, धाप लागली,
तर पुढचा घोट नाही,
आणि माझ्याकडं येऊ नकोस, सरळ दवाखान्यात.

सहाव्या दिवशी मी शटर ओढत होते.
त्याच्या हातात बाटली, तळाला अर्धा बोट गुलाबी.
"शेजारीण मागत होती, म्हाताऱ्याच्या खोकल्याला.
म्हटलं, हे आवुओरचं पाणी, परत द्यायचंय."

माझं पाणी.
लेबलावर डांबराचा अंगठा,
आणि रेषेच्या खाली, काडीनं ओढलेल्या
चार बारीक रेघा, पाचवी त्यांच्यावर आडवी.

साठ शिलिंगांचं त्यानं काही काढलं नाही.
मीही.