मोठ्याने बोलणारी वस्ती

पेरामात कुणी कुजबुजत नाही.
पाव मागायचा तोही असा, की समोरच्या
सालामिना बेटावरचा बेकरीवाला वळून बघेल.
पाहुण्यांना वाटतं, भांडण पेटलंय.
भांडण कसलं, मावशी फक्त विचारतेय
भेंडी कितीला.

बापांचे कान गोदीत गेले.
सकाळी सातला रिकाम्या टाकीत उतरायचं,
हातोडीने गंज खरवडायचा,
आणि लोखंडाच्या पोटात एक घाव
दहा होऊन अंगावर यायचा.
माझ्या बापाचं नाव अनार्गिरोस, म्हणजे बिनचांदीचा.
नावाला जागला.
पगार कधी मिळाला, कधी बुडाला;
कान मात्र दर शनिवारी थोडेथोडे
मालकाच्या गल्ल्यात जमा होत गेले.

घर त्याने एका रात्रीत बांधलं,
टेकडीवर, चोरून,
सहा मित्र आणि एक कंदील घेऊन.
उजाडायच्या आत छप्पर चढलं तर पोलीस पाडत नसत,
असा तेव्हाचा कुठेही न लिहिलेला कायदा.
छप्पर चढलं. खिडकी ठेवायची राहिली.
ती पुढच्या वर्षी भिंत फोडून बसवली,
म्हणून अजून तिरकी आहे, आणि तिच्यातून समुद्र
उजवीकडे सांडल्यासारखा दिसतो.

आईचं नाव स्टामाता. म्हणजे 'थांब आता'.
पाचवी मुलगी झाल्यावर
आजोबांनी देवाला भरलेला दम.
सहावीही झाली.
देवही बहुधा गोदीतच कामाला असावा.

ती भावाचा डबा घेऊन फाटकाशी यायची.
बोलायची सोय नव्हती, ग्राइंडर चालू.
बापाने खडू घेतला,
पोलादी पत्र्यावर लिहिलं: रविवारी?
तिने मान हलवली.
सुट्टी संपली. क्रेनने तो पत्रा उचलला
आणि एका मालवाहू जहाजाच्या तळाला जोडला,
अक्षरं आतल्या बाजूला.
तीस वर्षं तो प्रश्न
गव्हाखाली, सिमेंटखाली जगभर हिंडला.
पुढे कुठल्या किनाऱ्यावर जहाज कापलं,
त्याच्या सळया कुणाच्या जिन्यात गेल्या,
कोण जाणे.

इथल्या बायकांना आवाजाची भीती नव्हती.
भीती होती तो थांबण्याची.
दुपारी हातोडे एकदम गप्प झाले
की उतारावरची सगळी दारं उघडायची,
पिठाचे हात, ओले केस,
आणि खाली धक्क्यावर धूर.
मी आठ वर्षांची होते.
'एव्हांथिया' नावाचं तेलवाहू जहाज,
टाकीत राहिलेला वायू, एक ठिणगी.
चौघे.
त्यांतला फोटिस आमच्या सहा जणांपैकी,
कंदील धरणारा.

आता गोदीत तीन जहाजं आहेत, दोन जप्तीतली.
हातोडे गप्प आहेत ते काही आजचे नाहीत.
तरी आई सातला दारात जाते,
खाली बघते,
धूर नाही,
परत येऊन कॉफी ठेवते.

मी अथेन्सात विमा कचेरीत बसते.
साहेब विचारतात, बाई, रागावलात का?
नाही साहेब, मी पेरामाची.

गेल्या महिन्यात बापाला कानांच्या डॉक्टरकडे नेलं.
काचेची खोली, डोक्यावर हेडफोन.
'आवाज आला की बोट वर करा,' मी कागदावर लिहून दिलं.
त्याने बोट वर केलं. खाली. वर. खाली.
एकसारखं, न चुकता, डोळे मिटून.
मला वाटलं, वा! सगळंच ऐकू येतंय की!
डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
अहो, मी यंत्र अजून सुरूच केलेलं नाही.

परत येताना बसमध्ये मी त्याला
दोनदा ओरडून विचारलं, कसलं ऐकत होतास?
सगळी बस वळून बघायला लागली.
तो खिडकीबाहेर बघत होता.

संध्याकाळी आई त्याच्या पाठीमागे उभी राहते,
टेबल पुसता पुसता
अगदी हळू काहीतरी म्हणते,
अख्ख्या वस्तीत कुणी बोलत नाही इतकं हळू.
मला ऐकू येतं.
मी नळ सोडते, भांडी वाजवते.