एकशे बारा

बोएदोमधल्या आमच्या धुलाईच्या दुकानात
दोनशे हँगर एका गोल रुळावर लटकतात,
चढत्या क्रमाने.
फक्त पहिला नंबर पहिला नसतो.
वीज जिथे जाते तिथे रूळ थांबतो
आणि काउंटरपाशी जो आला असेल तो पहिला:
कधी सत्तर, कधी दोनशे नव्वद.
मग कुठेतरी आकडे कड्यावरून पडल्यासारखे
चारशे एकावन्नवरून थेट एकावर येतात.

त्याचं मला काही वाटत नाही.
संध्याकाळच्या कॉलेजात मी हेच शिकते.
मधला हँगर बघायचा, आणि कडेचे.
जी बाजू न पडता चढत गेली आहे
तिच्यात आपला आकडा बसतो का, एवढंच विचारायचं.
नसेल बसत तर ती अख्खी बाजू सोडून द्यायची.
दोनशेचे शंभर, शंभरचे पन्नास,
सात-आठदा मान वळवली की कोट हातात.
मियाहिराबाई म्हणतात, पोरगी आळशी आहे,
पण डोकं लावून.

जुलैच्या गारठ्यात वीज गेली तेव्हा
दोन एलिसेओ चिठ्ठी घेऊन उभे होते. एकशे बारा.
आणि त्याच सकाळी होडी-क्लबच्या वाढप्यांचे
सव्वाशे पांढरे कोट आले होते, एकाच पावतीवर.

टॉर्च मारला. काउंटरपाशी तीनशे.
मध्ये तीनशे.
पार शेवटी, इस्त्रीच्या टेबलाजवळ, तीनशे.
पुन्हा मारला, जणू आकड्यांना लाज वाटेल.
कडा डावीकडे की उजवीकडे?
तिघा साक्षीदारांची जबानी एकच
आणि खोटं कोणीच बोलत नव्हतं.

मग हुशारी खिशात घातली.
या टोकाचा एक बाजूला, त्या टोकाचा एक बाजूला,
पुन्हा विचार. तीनशे.
पुन्हा एक, पुन्हा एक.
एकाच्या खिशात बाटलीचं बूच.
एकाची काखेतली शिवण निळ्या दोऱ्याची.
एकाला तिसरं बटण मोठं.
माझ्या पद्धतीला यातलं काही दिसत नाही,
तिला लहान, मोठं, सारखं
एवढंच कळतं.

एकविसाव्या खेपेला उजवीकडचा हँगर म्हणाला,
दोनशे सत्त्याण्णव.
हायसं वाटलं. पुन्हा निम्मं, निम्म्याचं निम्मं,
आणि एकशे अकरा: जांभळा गाउन.
त्याला खेटून एकशे चौदा.
मध्ये बोटभर अंधार.

"नाही," मी म्हणाले,
आणि हा एक शब्द आणायला केवढी लांब गेले होते.
"भावाच्या घड्याळाच्या डबीत सापडली," दोन एलिसेओ म्हणाले.
मियाहिराबाईंनी चिठ्ठी मेणबत्तीजवळ धरली.
"हा एक माझ्या सासऱ्यांच्या हातचा.
ते असा वाकडा काढायचे."
त्यानंतर एकशे बारा
आम्ही किती जणांना दिला, कोण मोजणार.

तेवढ्यात वीज आली. रूळ हिसका देऊन निघाला,
तीनशे, तीनशे, तीनशे,
आणि दोन एलिसेओ टोपी हातात धरून
प्रत्येक कोटाकडे बघत राहिले.