अर्धा ग्रॅम

आर्वीच्या बसस्टँडमागं, दुसऱ्या माळ्यावर,
वैरागडे डॉक्टरीणबाईनं माझ्या जबड्याचा फोटो
खिडकीच्या उजेडात धरला.
"मावशी, दात काढला तवाच खड्डा भराले पायजे होता.
हाड झिजलं. आता स्क्रू धरालेच जागा नाई."

मग एकेक सांगत गेली :
तुमच्याच हनुवटीचं खरवडून घेता येतं,
मेल्यावर कोणी दान केलेलं बँकेतून येतं,
कारखान्यात बनवलेलंही येतं,
अन् हे...
बोटाएवढी बाटली तिनं कानापाशी हलवली.
आत पांढरी कणी,
पोहे चाळल्यावर खाली उरते तशी.
"जनावराचं. गाई-बैलाचं.
भट्टीत जाळून बाकी सगळं काढलं, नुसता क्षार ठेवला.
अर्धा ग्रॅम. साडेचार हजार."

मी हसली.
तोंडात कापूस होता तरी हसली.

आठ वर्षांची असेन.
गावाच्या उतरत्या अंगाला, पळसापलीकडं,
गिधाडं उठून गेली की आम्ही जायचो,
मी अन् सुधाकर, एक पोतं दोघांत.
उन्हानं वाळलेली बरगडी हलकी,
मांडीचं हाड जड, त्याला भाव बरा.
गवळाऊ बैलाची कवटी डोक्यावर घेऊन सुधाकर नाचायचा
अन् तिच्यातले दात खुळखुळायचे.
पुलगावचा व्यापारी काट्यात खोट ठेवायचा.
किलोला वीस पैसे.
नेता कुठं हे? मी एकदा विचारलं.
"साखर पांढरी कराले."
तेव्हापासून कोणाच्या घरी चहा मिळाला
की मी आधी वास घ्यायची.

मग एका दसऱ्याला बाबा नागपूरहून आले
अन् पोतं चुलीत घातलं.
आजपासून हाड उचलाचं नाई.
नाई उचललं.

डॉक्टरीणबाईला वाटलं, किळस आली.
"हनुवटीचं घेऊ का मग?"
म्हटलं, हेच घाल, बाई.
उचलणं सोडलं आम्ही.
त्या मुक्या जनावराशी भांडण नव्हतं.

हिरडी उघडली. माझंच रक्त घेऊन
तिनं वाटीत कणी भिजवली,
ओल्या रेतीसारखी खड्ड्यात दाबली,
वर पातळ पडदा, चार टाके.
"सहा महिने इकडून चावू नका.
हा नुसता मांडव आहे. वेल तुमचाच चढेल."
अन् मांडव?
"थोडा विरतो. थोडा राहतो तसाच, जन्मभर."

रात्री भाकर दुधात कुस्करली.
जीभ पुन्हापुन्हा टाक्यापाशी जाते.
बाटलीवर परदेशाचं नाव होतं.
त्या देशात जनावराले हाक कशी मारतात,
कोण जाणे.

पोरांनो, माझी राख सावडाल
तेव्हा दोन कण जास्तीचे लागतील हाताला.
माझे नाहीत म्हणून फेकू नका.
वजनात धरा.