'र'ची पानं

बंदीचे दिवस. होड्या वर ओढलेल्या, झापांखाली.
दाभोळच्या जेटीवर मी जाळं सांधत बसतो
आणि इस्माइलचाचा परकार शेजारी.
जाळ्याला ते हात लावत नाहीत.
ते शब्द वाचतात.

तेवीस वर्षं बोटींवर,
त्यातली नऊ मार्सेच्या कंपनीत, इंजिनाला तेल घालत.
आणलं काय? एक छत्री, एक बंद रेडिओ
आणि एक फ्रेंच-इंग्रजी कोश,
ज्याला वाळवी 'ए'पासून लागली
आणि 'आर'पाशी येऊन कंटाळली.
मागची पानं मुलींनी सुकटाच्या पुड्यांना नेली.

उरलं ते सगळं 'र'चं.
म्हणजे 'पुन्हा'चं, चाचा सांगतात.
फ्रेंच माणूस कुठल्याही क्रियापदाच्या दाराशी
एक 'र' उभा करतो, पगडी न घातलेला चोपदार.
फेर, करणं. रफेर, पुन्हा करणं.
व्हनीर, येणं. रव्हनीर, परत येणं.
"इथवर इंग्रजालाही जमतंय," चाचा म्हणतात, "रिटर्न.
पण पुढं बघ, पुढं त्याची बोट रुततेय."

रगार्दे. इंग्रजीत नुसतं 'लुक'.
रमेर्सिए. नुसतं 'थँक'.
रमाये, म्हणजे तुटलेला आस पुन्हा विणणं
(हे तर माझंच काम, आणि मला माहीत नव्हतं
की त्याला समुद्रापार नाव आहे).
इंग्रजीत 'मेंड'.
"मग 'पुन्हा' कुठं गेलं, चाचा?"
"मोठ्या बंदरात माल उतरवताना
एवढं सांडतंच."

रेस्ते.
हे मी स्वतः वाचलं, आणि मला ऐकू आलं 'रस्ते'.
चाचा इतके हसले की चष्मा जाळ्यात पडला.
रेस्ते म्हणजे राहणं. जिथं आहोत तिथंच राहणं.
हसून झाल्यावर ते बराच वेळ
दापोलीच्या चढाकडे बघत बसले.

एकदा मी हुशारी केली.
रेव्ह, स्वप्न.
म्हणजे पुन्हा काहीतरी, ना?
"नाय रे पालशेतकराच्या पोरा,
हा 'र' त्याचा जन्माचा.
प्रत्येक 'र'मागं 'पुन्हा' नसतं."

मग त्यांनीच विचारलं,
"आपल्यात निघताना काय म्हणतात?"
"येतो."
"झालं तर. आपला 'र' तिथं.
जायच्या आधीच लावून ठेवलेला."

माझी सुई थांबली.
थोरला विनेश कुवेतला निघाला तेव्हा
एस्टी हॉर्न मारत होती, बॅग दारात अडकलेली,
आणि तो म्हणाला, "जातो."
आई मागून धावली, "येतो म्हण रे, येतो म्हण!"
काचेपलीकडून म्हणालाही असेल.
त्या गाडीच्या काचा खाली होत नव्हत्या.
चार वर्षं झाली. पैसे येतात.
पैशांना कुणी काही शिकवलं नव्हतं.

हे मी चाचांना सांगितलं नाही.
त्यांनी पान उलटलं, दम्याचा पंप दोनदा मारला,
आणि बोट ठेवलं:
रेस्पिरे. ब्रीद.
कोशात रकाने दोनच.
तिसरा आम्ही पेन्सिलीनं समासात आखलाय.
"इथं काय लिहशील?"
"श्वास घेणं."
"आणि 'पुन्हा'?"
"श्वासाला कशाला लागतंय पुन्हा?"
"बरं," चाचा म्हणाले, "मग एकदाच घे. आणि थांब."

मी घेतला. थांबलो.
धोपाव्याहून सुटलेली फेरीबोट
अर्ध्या खाडीत आली, तरी थांबलो.
चाचा माझ्याकडे नाही,
बोटीकडे बघत होते.

समास अजून कोरा आहे.
लिहायला गेलो तर पेन्सिल जाळ्यात अडकली,
आणि ती सोडवताना
आणखी दोन आस तुटले.